सही न देणारे गुरुजी

देव मी मानत होतो, पण माणसांवर माझा विश्वास नव्हता. खरं सांगायचं तर देवावरही मी थोडी पाळत ठेवूनच असायचो. दूधवाल्याने माप घातलं की भांडं डोळ्यांसमोर धरून पाहायचो. एस.टी.त शेजारचा डुलक्या घेऊ लागला की तो सोंग करतोय असं मला वाटायचं आणि मी खिशावर हात ठेवून बसायचो. कारंज्याच्या शाळेत मी चौथीला शिकवत असे, आणि मधल्या सुट्टीत उरलेला खडूसुद्धा खिशात घालून बाहेर पडत असे. मुलं माझ्या पाठीमागे हसतात हे मला ठाऊक होतं. कोण कोण हसतं त्यांची नावंही मी एका वहीत लिहून ठेवली होती.

अशा माणसाला देवाचा अनुभव कसा येईल, असं कोणालाही वाटेल. मलाही वाटायचं. म्हणून इतकी वर्षं मी हे कोणाला सांगितलं नाही. ही सत्तरच्या दशकातली गोष्ट आहे. तेव्हा वाशिम वेगळा जिल्हा झाला नव्हता, अकोला हेच आमचं जिल्ह्याचं गाव होतं. बँका सरकारी होऊन काही वर्षं झाली होती आणि कारंज्यात आमच्यासारखी पगारदार माणसं हळूहळू तिथे खातं काढू लागली होती. मीही काढलं होतं. आमची सगळी शिल्लक त्यात होती, आणि त्या शिलकेची एकच खूण माझ्याजवळ होती, ती म्हणजे निळ्या पुठ्ठ्याचं पासबुक. ते लोखंडी पेटीत, सोवळ्याच्या मुकट्याखाली असायचं. पेटीची किल्ली माझ्या करदोड्याला. दर शनिवारी शाळा सुटून आलो की मी पेटी उघडून पासबुक पाहायचो. त्यात आठवड्यात काही बदललेलं नसायचं, तरी पाहायचो. बायको चूल फुंकता फुंकता माझ्याकडे बघायची.

आमच्याकडे भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात. आमच्या भागात हा सण किती मोठा असतो हे इथल्या माणसाला सांगायला नको. पत्र्याच्या उंच गोल दोन कोठ्या, त्यांत धान्य भरायचं, झाकण लावायचं, वर मुखवटा ठेवायचा आणि भोवती लुगडं नेसवायचं, म्हणजे देवी उभी राहते. थोरलीच्या पोटात गहू, धाकटीच्या पोटात ज्वारी. आमच्या घराण्यात ते धान्य विसर्जनानंतर लगेच काढत नाहीत. मुखवटे उतरवून लाल फडक्यात बांधतात, पण कोठ्या तशाच भरलेल्या राहतात. दसऱ्याला, ज्या बाईने त्या भरल्या तिनेच झाकण उघडायचं आणि त्या गव्हाची पहिली पोळी घरच्या माणसांनी खायची. तोवर कोठीला कोणी हात लावायचा नाही. माझ्या आजीच्या वेळेपासून हे असंच चालत आलेलं होतं.

त्या वर्षी पहिल्या दिवशी मी पेटी उघडून देवीची नथ आणि मंगळसूत्र बाहेर काढून दिलं. दुसऱ्या दिवशी जेवायला सगळी गल्ली होती. सोळा भाज्या, आंबील, पुरण, कढी. पंगतीवर पंगती उठत होत्या आणि मी वाढायचं सोडून आतल्या खोलीच्या उंबऱ्यात उभा होतो, कारण आत पेटी होती. किन्हीराजाहून माझा मेहुणा दामोदर आला होता. तो पाण्याची बादली घेऊन तीनदा आतल्या खोलीतून गेला. मी मोजलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी विसर्जन झालं, आणि मुखवटे बांधता बांधता बायको पोट धरून खाली बसली. उजवीकडे दुखणं आठ दिवसांपासून होतं म्हणे. सण आटोपेपर्यंत तिने कोणाला कळू दिलं नव्हतं. दागिने मी घाईघाईने पेटीत टाकले, कुलूप लावलं आणि डॉक्टरला आणायला धावलो.

सकाळच्या पहिल्या गाडीने तिला अकोल्याला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी पोट तपासून अपेंडिक्स सांगितलं. आत सूज फार आहे, दोन दिवस इंजेक्शनं देतो, पण शुक्रवारपर्यंत ऑपरेशन केलं नाही आणि आत पू झाला तर काही खरं नाही, असं ते म्हणाले. औषधं आणि रक्त बाहेरून आणायचं होतं. पैशांची सोय करून या, असं त्यांनी अगदी सौम्य आवाजात सांगितलं. मला काळजी वाटली नाही असं नाही, पण पैशांची वाटली नाही. पैसे होते. दामोदरला तिच्याजवळ बसवून मी दुपारच्या गाडीने कारंज्याला परतलो, हातपाय न धुता पेटी उघडली, मुकटा उचलला, आणि त्याच्याखाली पेटीचा पत्रा दिसला.

मी पेटी उपडी केली. मग कपाट, गाद्या, देवघर, डाळीचे डबे, सरपणामागची जागा. संध्याकाळपर्यंत सगळं घर उलथंपालथं केलं. कुलूप शाबूत होतं, कडी शाबूत होती, किल्ली करदोड्याला होती, आणि पासबुक नव्हतं. म्हणजे ज्याने नेलं त्याला माझी सवय माहीत होती. मी ओसरीवर बसलो आणि माझ्या डोक्यात एकेक माणूस येऊन उभा राहू लागला. शेजारचा कापडवाला, जो त्या दिवशी दोनदा हात धुवायला आत आला होता. शाळेतले देशमुख मास्तर. पत्र्याचं काम करणारे हमीदभाई, ज्यांनी श्रावणात आमच्या अंगणात बसून कोठ्यांच्या फटींना झाळ लावली होती आणि याच पेटीची कडीही ठोकून दिली होती. आणि सगळ्यांत पुढे दामोदर, पाण्याची बादली घेऊन. सोन्याला हात न लावता पासबुक कोण नेईल, हा साधा प्रश्न मला पडला नाही. माझ्या मनात उत्तर आधी तयार असायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बँकेत जायला हवं होतं. पण मी अकोल्याला गेलो. मला तिच्या तोंडून काढून घ्यायचं होतं. पासबुक हरवलं हे मी तिला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर ती भावाला सावध करील असं मला वाटलं. तेव्हा खरंच असं वाटलं. तिला ताप होता, इंजेक्शनाची गुंगी होती. मी वाकून विचारलं, "सणाच्या दिवशी आतल्या खोलीत कोण कोण गेलं होतं, तुला आठवतं का?" तिने डोळे उघडले, ओठ ओले केले आणि म्हणाली, "सारे आपलेच होते." एवढं बोलून तिने पुन्हा डोळे मिटले. बाहेर व्हरांड्यात दामोदर पोत्यावर बसला होता. कालपासून तो तिथून हलला नव्हता. चोर माणूस असाच चिकटून बसतो, असं मनाशी म्हणत मी त्याच्याकडे न बघता गाडीवर गेलो.

गुरुवारी सकाळी बँक उघडायच्या आधी मी पायरीवर होतो. मॅनेजर नवे होते, नांदेडकडून बदलून आलेले. मला ओळखणारा जुना कारकून रजेवर होता. मी सगळं सांगितलं. त्यांनी खातं काढून पाहिलं आणि पैसे जसेच्या तसे आहेत असं म्हणाले. दुसऱ्या कोणाचा जीव भांड्यात पडला असता. मला मात्र वाटलं, नेणारा वाट बघतोय. पासबुकाशिवाय पैसे देता येणार नाहीत, असं मॅनेजर म्हणाले. त्यासाठी पासबुक हरवल्याचा अर्ज करायचा आणि बँकेच्या ओळखीच्या कोणा खातेदाराने, हे गृहस्थ तेच आहेत, अशी सही द्यायची, म्हणजे नवं पासबुक मिळेल. "माझी सही जुळते ना?" मी विचारलं. ते म्हणाले, "जुळते गुरुजी. पण सह्या जुळवणारी माणसंही आम्ही पाहिली आहेत. नियम आहे." मला राग आला, पण त्यांच्या जागी मी असतो तर मी अगदी हेच म्हणालो असतो. तेही मला कळत होतं, आणि त्यामुळे राग आणखी वाढला.

एक सही आणायची होती. कारंज्यात माझं आयुष्य गेलं होतं. मी बँकेतल्या बाकावर बसलो आणि कोणाकडे जावं याचा विचार करू लागलो. हेडमास्तरांचं खातं वाशिमला होतं. कापडवाला माल आणायला अमरावतीला गेला होता. देशमुख मास्तरांचं खातं इथेच होतं, पण त्यांच्या पोराच्या नोकरीच्या कागदावर ओळख म्हणून सही करायला मी दोनदा नकार दिला होता. भाजीवाले पाटील, डाकवाला, पलीकडच्या आळीतले वकील, ज्याचं नाव आठवावं त्याला मी कधी ना कधी तेच वाक्य ऐकवलेलं होतं: मी कोणाच्या कागदावर सही करत नाही. आजवर मला त्याचा अभिमान होता. समोर भिंतीवरचं घड्याळ पुढे सरकत होतं. मूर्तिजापूरवरून अकोल्याला जाणारी दुपारची गाडी चुकली तर शुक्रवार उजाडणार होता. मी डोळे मिटले आणि मनातल्या मनात देवीशी भांडलो. तीन दिवस माझ्या घरी जेवलीस, तिने दुखणं दाबून तुझ्यासाठी स्वयंपाक केला, आणि आता तुझं तोंड लाल फडक्यात. मला प्रार्थना येत नव्हती, भांडण येत होतं. त्या दिवशी तेही मी जिवाच्या आकांताने केलं.

"गुरुजी, काहून बसले असे? काकूची तबेत कशी हाये?"

डोळे उघडले तर समोर हमीदभाई. हातात पितळेचा बिल्ला, नंबर पुकारायची वाट बघत होते. माझ्या बायकोचं दुखणं यांना कसं कळलं, हा माझ्या मनातला पहिला विचार होता. दुसरा त्याहून वाईट होता, तो पेटीच्या कडीचा होता. आणि तिसरा विचार आला तेव्हा मात्र मी मान खाली घातली. तीन वर्षांपूर्वी हाच माणूस खातं काढायचा कागद घेऊन माझ्या ओसरीवर आला होता. ओळख देणाऱ्याची सही हवी होती. मी त्यांना बसा म्हणालो नाही, पाणी विचारलं नाही, माझं ते वाक्य तेवढं ऐकवलं. ते "बरं" म्हणून निघाले होते. दुसऱ्या दिवशी आमच्या कोठीचा पोचा काढायला ठरल्याप्रमाणे आले आणि काम करून गेले. त्यांना सही कोणी दिली ते मी कधी विचारलं नाही.

मी काही सांगायच्या आत खिडकीतल्या कारकुनाने त्यांना सगळं सांगून टाकलं. हमीदभाई सरळ मॅनेजरच्या टेबलाशी गेले. मॅनेजरने विचारलं, "तुम्ही यांना ओळखता?"

"सायेब, ह्याइले कोन नाही वयखत?" हमीदभाई म्हणाले. "अख्ख्या कारंज्यात कोनाच्या कागदावर सही देत नाहीत असे एकच गुरुजी हायेत. मले बी नाही देल्ली. हे तेच. बिलकूल तेच. आना कागद."

मॅनेजर हसले, कारकून हसला, बाकावरची दोन माणसंही हसली. मी कधी अशी ओळख मिळालेला माणूस पाहिला नाही. हमीदभाईंनी लुंगीला हात पुसले, लेखणी मुठीत धरल्यासारखी धरली आणि मराठी अक्षरांत आपलं नाव काढायला घेतलं. एकेक अक्षर ते जपून काढत होते, आणि शेवटची रेघ ओढून झाल्यावर त्यांनी कागद लांब धरून पाहिला. अर्ध्या तासाने पैसे माझ्या हातात होते. बाहेर पायरीवर मी त्यांना गाठून विचारलं, "तुम्हाला काय द्यायचं?" उपकार असे फुकट होत नसतात, याची मला खात्री होती.

"काय देता?" ते म्हणाले. "पुढच्या साली बी कोठ्या ठोकाले मलेच बोलवा." मग जाता जाता वळून म्हणाले, "पुस्तक घरातच असन, गुरुजी. कोठीत पाह्यलं काय? बाया लय काय काय ठेवतात देवीच्या पोटात. झाळ लावतांना मले सापडते. अंगठ्या, चिठ्ठ्या, एकदा तर चष्मा सापडला होता."

मी घरी गेलो तो बॅग घ्यायला. कोठ्या कोपऱ्यात उभ्या होत्या. हमीदभाईंचं बोलणं माझ्या डोक्यात फिरत होतं, पण सरळ नाही, वाकडं. पासबुक कुठे आहे हे याला कसं माहीत? यानेच ठेवलं असेल तर? मी थोरलीच्या झाकणावर हात ठेवला. उघडलं नाही. भरणाऱ्या बाईनेच उघडायचं असतं, अशी मी मनाची समजूत घातली आणि स्वतःला श्रद्धाळू म्हणून घेतलं. खरं कारण वेगळं होतं. तो माणूस खरा निघाला तर काय करायचं, हे मला माहीत नव्हतं. मी हात काढून घेतला आणि स्टँडकडे पळालो.

शुक्रवारी सकाळी ऑपरेशन झालं. अपेंडिक्स फुटायच्या बेतात होतं, असं डॉक्टर म्हणाले. एक बाटली रक्त दामोदरने दिलं होतं, आदल्या दिवशीच, मी बँकेत असताना. मला कोणी ते सांगितलं नाही, तो व्हरांड्यात पिवळा पडून बसला होता त्यावरून मी विचारलं. तो म्हणाला, "भाऊजी, पैशाचं झालं ना? मंग ताईले सांगतो, तिचा जीव त्याच्यातच अडकला हाये." तो सांगायला आत गेला. मी दाराशीच उभा राहिलो. आत त्याचं आणि तिचं काय बोलणं होतं ते ऐकायला, हेही सांगून टाकतो. त्यांचं बोलणं दोन वाक्यांचं होतं आणि त्यात पासबुकाचं नाव नव्हतं.

ती घरी आली तेव्हा दसऱ्याला आठ दिवस होते. अजून फार वेळ उभी राहू शकत नव्हती, पण दसऱ्याच्या सकाळी न्हाऊन, भिंतीला धरत धरत ती कोठ्यांपाशी गेली. मी पाट ठेवला. तिने थोरलीला हळदकुंकू वाहिलं, झाकण उघडलं, गव्हात कोपरापर्यंत हात घातला आणि खणात गुंडाळलेली एक वस्तू बाहेर काढली. गहू झटकून ती माझ्यापुढे धरली. निळा पुठ्ठा दिसला.

"घ्या तुमचं," ती म्हणाली. "नथ काढली तवा पेटी उघडीच होती. म्हटलं, उद्या घरभर मानसं येतीन, तुमी काही पेटी सोडून पंगतीले बसनार नाही. देवीच्या पोटात कोन हात घालते? विसर्जन झालं की सांगीन, मंग तुमी हसान. पन विसर्जनाले मी अशी पडली."

नवं पासबुक माझ्या सदऱ्याच्या खिशात होतं.

ती पाटावर बसली आणि हसली. आजारपणानंतर पहिल्यांदाच. "दवाखान्यात गुंगी उतरली तवा आधी मले हेच आठवलं. आता ह्याइले पैसे लागतीन, पुस्तक कुठे हाये ते सांगा लागन. तेवढ्यात दामू आला, म्हने पैशाचं झालं. मी मनात म्हटलं, कसं झालं? पुस्तक तं कोठीत हाये. मंग मले समजलं. तुमी पेटीच उघडली नाही. पुस्तकाची आठवणच नाही राह्यली तुमाले. कोनापुढे तरी हात पसरला माह्यासाठी, साऱ्या जिंदगीत पहिल्यांदा." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "पडल्या पडल्या मी देवीले हात जोडले. म्हटलं, बाई, मले दुखनं देल्लं ते बरंच केलं. ह्या मानसाची पेटी सुटली."

तिने गहू सुपात घेतले. त्या गव्हाची पोळी मी त्या दिवशी खाल्ली.

मला सांगता आलं नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. तिने देवीचे आभार मानले होते ते माझ्या अंगी नसलेल्या गोष्टीसाठी. मी पेटी उघडली होती, उपडी केली होती, तिच्या भावाला चोर ठरवलं होतं, आणि तापात पडलेल्या तिच्यावर नजर ठेवली होती. एका शब्दाने विचारलं असतं तर ही सगळी धावाधाव वाचली असती. एवढ्यावरून ती गेली असती तर, हा विचार आजही मला दुपारी जेवताना अचानक येतो. लोक म्हणतात देवीने तुमची बायको वाचवली. वाचवली हे खरंच. पण मला जे दिसलं ते एवढंच, की देवीने माझी परतफेड माझ्या पद्धतीने केली नाही. ज्या माणसाला मी दारातच उभं ठेवलं होतं त्याच माणसाच्या हाती तिने लेखणी दिली, आणि पासबुक कुठे आहे तेही त्याच्याच तोंडून मला सांगितलं, आणि मी तिथेही संशयच घेतला. तरी तिने मला सोडलं नाही. शरण जाणं म्हणजे डोळे मिटून हात जोडणं असं मी समजत होतो. मला ते विचारण्यात सापडलं. माणसाला सरळ विचारावं आणि तो जे सांगेल ते ऐकून घ्यावं. मला हे अजून नीट जमत नाही.

पुढच्या वर्षी महालक्ष्म्या बसायच्या आधी मीच हमीदभाईंकडे गेलो. कोठ्या ठोकून झाल्यावर त्यांना ओसरीवर बसवलं, चहा दिला, आणि पासबुक कोठीतच होतं म्हणून सांगितलं. ते चहा पीत म्हणाले, "मले वाटलंच होतं." तेव्हापासून दरवर्षी नथ काढायला मी पेटी उघडतो आणि तशीच उघडी सोडून अंगणात निघून येतो. तिला काय ठेवायचं ते ती थोरलीच्या पोटात ठेवते. दसऱ्यापर्यंत मी विचारत नाही. शनिवारी हात करदोड्याकडे जातो. जातोच. मग तो मी परत आणतो.

ती अजून मानते की त्या आजारपणात मी पासबुक विसरलो होतो. आल्यागेल्याला अभिमानाने सांगते, दामोदरलाही सांगते, आणि तो माझ्याकडे बघून मान हलवतो. मी लिहिलेलं काहीही बाहेर जाण्याआधी ती वाचते, ही आमच्या घरची जुनी रीत आहे. उद्या सकाळी चहा झाला की हे कागद मी तिच्या हातात देणार आहे आणि समोर बसून राहणार आहे. तिने विचारायची वाट पाहणार नाही.